आखावरची गळती

मिठाच्या गाडीमागून चालणाऱ्या माणसाच्या टाचा कधी बऱ्या होत नाहीत. भेगा पडतात, भेगांत मीठ जातं, आणि मग सगळी रात्र ठणका. मी मिसरूड फुटायच्या आधीपासून त्या टाचा घेऊन हिंडत होतो. कोपरीच्या मिठागरापासून रुळांपलीकडच्या मालधक्क्यापर्यंत भरली गाडी न्यायची, रिकामी आणायची, की पुन्हा भरलेली न्यायची. ठाण्याच्या शाळेत चार बुकं शिकलो होतो, पण बैलांना त्याचं काही कौतुक नव्हतं. बाबालाही नव्हतं.

तरी सुरुवातीला बरं चाललं होतं म्हणायचं. आमच्याकडे दोन गाड्या आणि चार बैल होते. एक गाडी बाबाची, एक माझी. माझ्या गाडीवर मी राजा होतो. बाबा पुढे, मी मागे, आणि मधे एवढं अंतर की माझं गाणं त्याला ऐकू जाऊ नये. मग एका हिवाळ्यात बुळकांडीची साथ आली. गावातले निम्मे बैल गेले, त्यांत माझी जोडी गेली. एक दुपारी बसला तो उठलाच नाही. दुसऱ्यानं त्याच्या रिकाम्या दाव्याकडे बघत चारा सोडला. बाबानं दोघांना बांधापलीकडे पुरलं आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. आयेनं पुढ्यात ठेवलेली भाकरी दोन दिवस तशीच उचलली.

तिसऱ्या दिवशी उठला आणि त्यानं माझी गाडी स्वतःच्या गाडीच्या मागे बांधली.

दोन बैल, दोन गाड्या. मागच्या गाडीच्या दांड्या पुढच्या गाडीच्या शेपटावर टेकवून काथ्यानं आवळलेल्या. गोणी दोन्हींत कमी भरायच्या, पण खेपा वाढवायच्या. पुढे बैलांपाशी बाबा, आणि सगळ्यांत मागे दोर धरून मी. उतारावर मागची गाडी पुढचीच्या अंगावर जाऊ नये म्हणून मी दोर ओढून धरायचा, चढावर खांदा लावायचा. आधी मी गाडीवान तरी होतो. आता चाकाखाली घालायच्या दगडात आणि माझ्यात एवढाच फरक राहिला की दगडाला जेवायला लागत नाही. सगळा रस्ता माझ्या डोळ्यांसमोर मिठाच्या गोण्यांची पाठ. वाटेत कोण भेटलं, खाडीत कोणाचं होडकं आलं, काही दिसायचं नाही. चिडचिड व्हायची ती कोणावर काढायची तेही कळत नव्हतं. बैल मेले यात बाबाचा काय दोष? पण राग यायचा तो त्याच्याच पाठीचा, आणि ती पाठही मला गोण्यांआड दिसत नव्हती.

त्याच सुमारास मालधक्क्यावर कल्याणचा एक मुकादम यायचा. कल्याणला इंजिनांची मोठी शेड होती. तिथं इंजिनं पुसायला, आग साफ करायला पोरं लागायची. मी गोणीवरची अक्षरं वाचून दाखवतो हे त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "इथं मीठ काय वाहतोस रे? शिमग्याच्या पुढच्या अमावास्येला माणसं घेणार आहेत. ये. पुसता पुसता कोळसा टाकायला चढशील."

एकदा मालगाडीच्या रिकाम्या वाघिणीत बसून मी त्याच्याबरोबर शेड पाहून आलो. इंजिनापेक्षा माझं लक्ष वाघिणींच्या चाकांवर खिळलं. प्रत्येक आखाच्या टोकावर लोखंडी डबा, आणि त्यात तेलात भिजवलेल्या चिंध्या दाबून भरलेल्या. आख फिरतो आणि चिंधीतून तेल पीत राहतो. एखादा डबा तापला तर लगेच गाडी थांबवून बघतात, कारण आख तापला की पुढचं सगळं बिघडतं. मी तिथं उकिडवा बसून किती वेळ त्या डब्याकडे बघत होतो कोण जाणे. मुकादम हसायला लागला.

घरी येऊन बाबाला विचारलं. त्यानं नाही म्हटलं असतं तर भांडलो असतो. तो एवढंच म्हणाला, "मागली गाडी कोन धरंल?"

खरंच, कोण धरणार? म्हणजे माझी सुटका कशात होती, तर मागची गाडी माणसाशिवाय चालण्यात. एका माणसानं, एका जोडीनं, दोन्ही गाड्या धक्क्यावर नेल्या की मी मोकळा. मी बाबाला तसं बोलून दाखवलं. तो बैलाच्या मानेला तेल चोळत होता. म्हणाला, "कर. होत असंल तर कर."

मागच्या गाडीनं पुढचीच्या अंगावर जाऊ नये हे काम सोपं निघालं. काथ्या काढून दोन जाड वेळू आडवेतिडवे बांधले, तशी मागची गाडी शहाण्यासारखी अंतर राखून चालायला लागली. अवघड होता तो पुढचीचा आख. मागच्या गाडीच्या दांड्यांचा सगळा भार पुढचीवर यायचा. तिचा आख बाभळीचा. चाकाच्या मधल्या लाकडी तुंब्यात तो भाराखाली घासून घासून इतका तापायचा की रुळांवरच्या फाटकाच्या चढाला लागेपर्यंत तुंब्यातून धूर निघायचा. मग थांबा, चाक गार होऊ द्या, एरंडेल आणि काजळीचं ओंगण चोपडा, पुन्हा चाला. यात दोन माणसं लागायचीच.

लोखंडी आख घातला तर काम होणार होतं. पण मिठाच्या गाडीला आमच्यात कोणी लोखंड लावत नसे. मिठागरात लोखंड न्यायचंच नाही अशी रीत. आमची फावडी लाकडाची, दंताळी लाकडाची, खाडीचं पाणी आत घ्यायच्या, बांधावरच्या उघडझापीच्या फळ्यांना खुंट्यासुद्धा लाकडाच्या. खारं पाणी लोखंडाला कसं खातं हे आमच्यातल्या रांगत्या पोराला ठाऊक. म्हणून मी बाबापुढे मोठं भाषण तयार करून गेलो होतो. आख तेलात ठेवू, वर कातडं बांधू, खारं पाणी लागूच देणार नाही, असं बरंच काही. त्यानं अर्धंही ऐकलं नाही. "घाल," म्हणाला. मला केवढा आनंद झाला! वाटलं, म्हातारा वळला.

लोहारानं कुठल्याशा मोडक्या टांग्याचा आख ठोकूनठाकून बसवून दिला. तुंब्यात लोखंडी कडी घातली. धूर थांबला, पण तापणं काही थांबलं नाही. कडीजवळ हात लावला तर चटका बसायचा आणि ओंगण वितळून रस्त्यावर गळायचं. तेव्हा मला सुचलं ते महादेवाच्या देवळात. पिंडीवर तांब्याची गळती टांगलेली असते, बुडाला बारीक भोक, त्यातून दर्भाच्या काडीवरून थेंब थेंब पडत राहतं. ते बघताना हात जोडायचे तसेच राहिले आणि मी घरी पळालो. दोन लहान मडकी घेतली, बुडाला भोक पाडलं, भोकातून चिंधीची वात खाली सोडली, आणि गाडीच्या साट्याच्या चौकटीला एकेका चाकावर टांगली. थेंब बरोबर तुंब्यावर. लाकूड ओलं राहून फुगायचं, आरे घट्ट बसायचे, आणि आत आख गारेगार.

पहिल्या दिवशी फाटकाचा चढ चढून मी तुंब्यावर गाल टेकवला. माणसाच्या अंगाइतकाही गरम नव्हता. मी रस्त्यात ओरडलो. फाटकवाला बाहेर येऊन बघून गेला.

आये मात्र खवळली. उन्हाळा लागला होता, गोडं पाणी लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणायचं, आणि मी ते चाकांवर ओतत होतो. "जल्लं तुजं लक्षन! मानसाला पियाला नाय नि चाकाला अभिषेक!" मी म्हटलं, माझ्या वाटणीचं पाणी मी आणीन, पण मडक्यात गोडंच गेलं पाहिजे. खाडीचा एक थेंब गेला तर आख खलास. मी सकाळी अंधारात विहिरीवर जायचो, दोन घागरी भरून आणायचो आणि गाडीपाशी झाकून ठेवायचो. अंघोळ आठवड्यातून एकदा करायचो, तीही खाडीत.

मग बाबानं अट घातली. होळीपासून पुढच्या अमावास्येपर्यंत तो एकटा दोन्ही गाड्या नेईल. खेपेच्या वेळी मी गाडीजवळ फिरकायचं नाही, मडकी वाटेत तोच भरील, मी मिठागरात मीठ ओढायचं. एवढ्या दिवसांत आख अडला नाही तर मी खुशाल कल्याणला जावं. अट सरळ होती. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. मिठागरातून गाडीचा रस्ता बांधाच्या टोकापर्यंत दिसतो, तिथून पुढे वळण. मी दंताळं टेकवून गाड्या वळणाआड जाईपर्यंत बघायचो, आणि मग परत येईपर्यंत कान लावून राहायचो. उन्हानं मिठाचे वाफे इतके चमकायचे की डोळ्यांना अंधारी यायची. चारी बाजूंनी बांध, बांधापलीकडे चिखल, चिखलापलीकडे खाडी, आणि खाडीवरच्या पुलावरून धूर सोडत जाणारी गाडी. ती कल्याणला जायची. मला वाटायचं, आपल्याला या वाफ्यात खिळा मारून ठोकलंय. संध्याकाळी गाड्या परत आल्या की पहिला हात तुंब्यावर. गार! आजचा दिवस गेला. उद्याचा एक.

पुढे पुढे चाक कुरकुरायला लागलं. आधी थोडं, मग बांधावरून ऐकू येण्याइतकं. तुंब्याच्या तोंडाशी पांढरी खपली धरायला लागली. बोटानं काढून जिभेवर ठेवली तर खारट. मिठाचीच गाडी, गोण्यांतून गळत असणार, असं मी धरून चाललो. गोण्यांखाली चटया अंथरल्या, तुंब्याला जुनं कातडं गुंडाळलं, दुप्पट ओंगण घातलं. खपली पुन्हा धरायची. बाबा उभा राहून बघायचा. एकदा म्हणाला, "असू दे रं. कुरकुरतंय म्हंजे चालतंय." मी त्याच्यावरच डाफरलो की तू नीट झाकत नाहीस. तो बैल सोडायला गेला.

अमावास्येच्या आदल्या दिवसाची खेप शेवटची. त्या दिवशी बाबानं मला अडवलं नाही, मी बरोबर निघालो. मागून नाही, शेजारून चाललो, हात झुलवत, पाहुण्यासारखा. कपड्यांचं बोचकं घरी बांधून ठेवलेलं होतं. फाटकाच्या चढाला चाक असं काही किंचाळलं की बैलांनी कान मागे टाकले. तरी चढलं. फाटक उघडं होतं. बैल रूळ ओलांडून गेले, पुढची गाडी रुळांवर आली, आणि माझ्या बाजूचं चाक थांबलं. फिरायचंच थांबलं. बैल ओढत होते आणि चाक गोठल्यासारखं घसटत जाऊन रूळ आणि फळी यांच्यामधल्या खाचेत बसलं.

मागे दुसरी गाडी, तीही अर्धी रुळांवर. बाबानं बैलांना हाकललं, शेपट्या पिरगाळल्या, गाडी तसूभर हलेना. फाटकवाला धावत आला. "अरे, माल येतोय कल्याणचा! काढा, काढा!" मी दगड घेऊन चाकाखाली शिरलो. आखाच्या टोकाची खीळ ठोकून काढली की चाक निघेल, गाडी टेकेल, मग ओढून नेता येईल, असं डोक्यात होतं. खीळ निघाली. चाक निघेना. मी पाय लावून आऱ्यांना रेटा देत होतो, तेवढ्यात पुलाकडून शिटी झाली. बैल बुजले आणि त्यांनी हिसका मारला. गाडी वीतभर सरकली, तिरकी झाली, आणि माझा पाय आऱ्यांच्या आणि फळीच्या मधे सापडला.

मोडला नाही. निघेनाही. गाडी पुढे गेली असती तर पायाचा चुरा, मागे आली असती तरी तेच. मी ओरडलो, "बाबा, बैल धर!" बाबानं दोन्ही बैलांची तोंडं छातीशी कवटाळली आणि तो तसाच उभा राहिला. बैल थरथरत होते, त्यांच्याबरोबर तोही थरथरत होता. त्याचं तोंड माझ्याकडे होतं. त्याला हलता येत नव्हतं, मलाही येत नव्हतं. फाटकवाला लाल बावटा घेऊन पुलाच्या दिशेनं पळत सुटला होता. रुळाला कान लागेल इतका मी खाली होतो. रूळ गुणगुणायला लागला ते मी ऐकलं. त्या वेळी मला कल्याण आठवलं नाही, शेड आठवली नाही. फक्त एवढंच वाटलं की बाबानं आता हात सोडू नये.

इंजिन फाटकापासून बऱ्याच अंतरावर थांबलं. वरचा गोरा उतरून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आला. धक्क्यावरचे हमाल धावले, गोण्या भराभर उतरवल्या, वेळू घालून गाडी उचलली आणि मला काखेत धरून बाहेर ओढलं. घोटा सुजून भोपळा झाला होता, पण पाय टेकता येत होता. बाबानं बैलांची तोंडं सोडली तेव्हा त्याच्या बोटांत लाळ आणि केस चिकटलेले होते. तो माझ्याजवळ आला नाही. रुळाच्या कडेला बसून राहिला.

गाड्या रुळांवरून ओढून बाजूला काढल्या, हमालांनी ते चाक आखासकट सोडवून दिलं, आणि ऊन कलतीला आम्ही घरी आलो. अंगणात मी लंगडतच घण घेतला आणि तुंबा फोडला. आत मीठ होतं. दाबून भरल्यासारखं, तांबूस गंज मिसळलेलं, दगडासारखं घट्ट. गोण्यांतून गळून इतकं आत जाणं शक्यच नव्हतं. ते पाण्यातून गेलं होतं, थेंब थेंब, रोज. मी आयेवर ओरडायला लागलो. माझ्या घागरी तिनं घरात ओतून घेतल्या असणार, त्यांत खाडीचं पाणी भरलं असणार, असं वाटेल ते बोललो. माझा पाय गेला असता, जीव गेला असता, आणि कशासाठी, तर दोन घागरी पाण्यासाठी! आये चुलीपाशी उभी होती. पदर तोंडाशी धरून ती बाबाकडे बघत होती.

"तिला बोलू नको," बाबा म्हणाला. "खारा पानी मीच घातला."

मला आधी समजलंच नाही. मी विचारलं, "चुकून?"

"चुकून कं? जल्माचा आगरी मी. मना नाय कलत लोखंडाला खारा पानी कं करतं?" तो फुटलेल्या तुंब्याकडे बघत बोलत होता. "तुज्या घागरी रोज मी बैलांना पाजल्या. मडक्यांत खाडीचा घातला. मना वाटला, चाक बांधावं अडंल. येशीत अडंल. रुलावं अडंल असा नाय वाटला."

मी घण हातात धरून उभा होतो. खरं सांगायचं तर त्या क्षणी तो मारावासा वाटला. एवढ्या पहाटे विहिरीवर काढल्या, एवढे दिवस तुंब्याला गाल लावला, आणि हा माणूस वळणाआड जाऊन माझं पाणी बैलांना पाजत होता! मी म्हटलं, "जाऊ नको म्हणायचंस ना. तोंडानं म्हणायचंस."

"मंग ऱ्हाला असतास?"

मी घण जमिनीवर टेकवला.

"दोन बैल मेलं तवा," तो म्हणाला, आणि थांबला. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मना वाटला, पोरगा तरी ऱ्हाईल."

माझ्या बापानं माझ्याविषयी काही बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. बैलांविषयी बोलायचा, भरती-ओहोटीविषयी बोलायचा. मी पोरगा आहे आणि राहावा असं त्याला वाटतं, हे मला पहिल्यांदा कळलं ते असं. त्याच्या पाठीकडे बघत मी उभा होतो. आयेनं पुढे येऊन माझ्या हातातला घण काढून घेतला. बोचकं ओट्यावर होतं. कल्याणची गाडी अजून जायची होती, आणि पाय एवढा काही वाईट नव्हता. स्टेशनपर्यंत मी सहज गेलो असतो.

त्यानं खोटं रेटलं असतं, आख अडला, अट मोडली, आता गप मागे चाल, असं म्हटलं असतं, तर मी तसाच लंगडत निघालो असतो आणि कोपरीचं तोंड पुन्हा पाहिलं नसतं. त्यानं खरं सांगितलं. सांगून तो भिंतीकडे तोंड करून बसला, बैल मेले तेव्हा बसला होता तसाच, आणि माझ्या लक्षात आलं की आता मला कुठंही जाता येणार नाही. मी बोचकं उचलून आत ठेवलं आणि बैलांना वैरण घातली.